आंबेखोलची मुंबई शाखा

२ फेब्रुवारी, रविवार

वही एसवायची आहे. पुढच्या पानांवर कॉस्टिंगच्या नोट्स होत्या, त्या फाडल्या. कॉलेज सोडून वर्ष झालं, त्या नोट्स आता काय लोणच्याला घालायच्यात. मिथुनला काही सांगितलं की ते अख्ख्या मार्केटला कळतं, म्हणून इथे लिहितो.

आज तेजलला विचारलं.

आज म्हणजे महिन्याचा पहिला रविवार. घाटकोपरच्या विहारामागच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाची सभा असते. आंबेखोल बौद्ध ग्रामस्थ मंडळ, मुंबई शाखा. आंबेखोल आमचं गाव, साताऱ्याकडच्या घाटात. मी आयुष्यात दोनदाच गेलोय, तेही लहानपणी. आता तिथे कुणीच राहत नाही. डोंगराला भेग पडली तेव्हा उरलीसुरली घरंसुद्धा खाली तालुक्याला आणून बसवली. त्यामुळे मुंबई शाखा म्हणायचं, पण मूळ झाड कुठेच नाही. मुलुंड, दहिसर, कुर्ला, वाकोला इथे पसरलेली आमची घरं म्हणजेच गाव. कुणी गेलं तर खांदा द्यायला हीच माणसं. लग्नात पंगत वाढायला हीच. मंडळाचे मोठे टोप आणि सतरंज्या आमच्याच माळ्यावर असतात, त्यामुळे आमच्या घरात सुटकेस ठेवायला जागा नाही.

तेजल वाकोल्याच्या राजाराम काकांची मुलगी. काका मंडळाचे अध्यक्ष, माझ्या जन्माच्या आधीपासून. तेजल अंधेरीला एका लॅबमध्ये रक्त काढते. काढताना सुई टोचलेली कळत नाही म्हणे. सभेत चहा तीच देते. आज ती कप विसळायला मागच्या नळावर गेली तेव्हा मी मागोमाग गेलो आणि बोलून टाकलं. पाठ केलेलं काहीच आठवलं नाही.

ती कप विसळत राहिली. मग हळू म्हणाली, "सम्यक, आपण एका गावचे ना रे. आपल्यात नाही चालत असं. बाबा तर..."

ओले हात ओढणीला पुसले. मग म्हणाली, तू कॉलेज का नाही पूर्ण करत, आणि ट्रे उचलून गेली.

आंबेखोलचे सगळे एका भावकीचे, हा आमच्यातला नियम. आडनाव वेगळं, रक्त वेगळं, पण गावातली मुलगी ती बहीण. मी मुलुंडला वाढलो, ती वाकोल्याला. दोघांनी मिळून गावात एक आठवडासुद्धा काढला नसेल. आणि बहीण.

डोकं सटकलंय. पण एक गोष्ट आहे. ती नाही म्हणाली नाही. गाव आड येतं एवढंच म्हणाली.

५ फेब्रुवारी, बुधवार

बोरिवलीला सहा एसी होते. मी मिथुनकडे सर्व्हिसिंगचं काम करतो. मिथुन माझा मावसभाऊ, दुकान त्याचं. तो शिडीवर होता, मी खाली पंप धरून. राहवलं नाही, सांगितलं.

तो वरूनच म्हणाला, "अरे येड्या, ती तुला नको म्हणतेय. चांगल्या घरची पोरगी आहे, नीट शब्दांत म्हणतेय, एवढंच."

मी पंपाचा पाइप त्याच्यावरच सोडला. भिजला. त्या फ्लॅटच्या बाईने दोघांनाही झापलं. त्याला काय कळतं. त्याचं लग्न त्याच्या आईने ठरवलं.

घरी येईपर्यंत एकच विचार. गाव आड येतंय, पण गाव आहे कुठे?

१६ फेब्रुवारी, रविवार

आंबेखोलला जाऊन आलो. आता तालुक्याच्या लॉजवर बसून लिहितोय. मिथुनची बाइक घेतली, तो बोलत नाही तरी चावी दिली.

शेवटचा डांबरी रस्ता सुटल्यावर पायवाट, तीही करवंदीच्या जाळ्यांनी खाल्लेली. वर गेलो तर पहिल्यांदा कळलंच नाही की गावात आलोय. दगडी जोती होती नुसती. घरांची दारं, वासे, कौलं लोकांनी जाताना नेली. फक्त समाजमंदिराला पत्रा आहे. भिंतीवर निळ्या रंगात पंचशील लिहिलेलं, खालच्या दोन ओळी ओलीने गेल्या. आत कुणाच्या तरी म्हशीचं वाळलेलं शेण. विहिरीत पाणी होतं, चांगलं नितळ. एका जोत्यावर पाटा पडलेला, जड म्हणून नेला नसेल.

आमचं जोतं कुठलं ते ओळखता आलं नाही. पप्पांना फोन लावावा असं वाटलं, पण वर रेंज नव्हती आणि मी कशाला गेलोय हे त्यांना सांगितलं नव्हतं.

वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. म्हटलं बघा, काही नाहीये इथे. ह्या दगडांसाठी मी आणि तेजल भाऊबहीण.

खाली उतरून तिला फोटो पाठवले. तिचं उत्तर आलं, "विहीर तशीच आहे. बाबांना दाखवते. जपून ये." जपून ये म्हणाली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

निघायच्या आधी तहसील कचेरीत गेलो. म्हटलं सरकारी कागदात काय लिहिलंय ते बघू. तिथले एक बाबू डबा खात होते. खाता खाताच म्हणाले, आंबेखोल बेचिराख आहे.

मी म्हटलं, कुणी जाळलं? मला बेचिराख म्हणजे बॉम्ब टाकून राख झालेलं असंच वाटायचं. ते हसले. म्हणाले, चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात रात्री दिवा लागत नाही ते बेचिराख. आमच्याकडे अशी बरीच आहेत. मग ताकाचा घोट घेऊन म्हणाले, पण नाव कमी होत नाही हो. हद्द राहते, नकाशात गाव राहतं.

ते नकाशाचं मला काय करायचंय. पहिला शब्द मिळाला, बास. येताना घाटात तोच तोंडात घोळत होता.

२ मार्च, रविवार

सभेत बोललो. आयुष्यात पहिल्यांदा उभं राहून बोललो. कॉलेजात एका क्लार्कशी भांडलो होतो ते धरत नाही.

म्हटलं, आंबेखोल बेचिराख आहे, सरकारनेच लिहिलंय. तिथे दिवा लागत नाही. जे गाव नाही त्याचं मंडळ कशाला आणि त्याची भावकी कशाला? आमच्या पिढीने तिथे पाय ठेवला नाही. जन्म मुंबईत, शाळा मुंबईत, आणि लग्नाची वेळ आली की गाव. मंडळ बरखास्त करा. ज्याला ज्याच्याशी जमतं त्याला जमू द्या.

हॉलमध्ये एकदम गलका. दहिसरचे लोक म्हणाले, पोराचं कुठेतरी जमलेलं दिसतंय. मागे हसले. पप्पा खाली बघत बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते. नीला आत्या, म्हणजे राजाराम काकांची बहीण, मुलुंडला आमच्याच गल्लीत राहते, ती उठली. "काय रे, तिथे दिवा लागत नाही म्हणतोस. माझ्या घरात लागतो ना रोज. मग मी कुठली?"

सगळे पुन्हा हसले. मी चहाच्या टेबलाकडे बघितलं. तेजल तिथे होती आणि आता नव्हती. वळलो तर काका माझ्याकडेच बघत होते, मी जिकडे बघत होतो तिकडे एकदा, मग माझ्याकडे.

ते शांतपणे म्हणाले, विषय मांडलाय तर पुढच्या सभेत निर्णय घेऊ. एक घर, एक हात.

३ मार्च, सोमवार

तेजलचा फोन. पहिल्यांदा तिने स्वतःहून केलेला. "माझं नाव यात आणू नकोस. समजलं?"

म्हटलं, आणलं का? आणणार नाही.

म्हणाली, सम्यक, प्लीज सोड हे. तिचा आवाज कापत होता. घाबरलीय बिचारी. मी असताना कशाला घाबरायचं.

९ मार्च, रविवार

काकांनी बोलावलं. फ्रिज आवाज करतोय, बघून जा म्हणाले. वाकोल्याला गेलो. फ्रिज झकास चालला होता. तेजलची ड्यूटी होती, घरात आम्ही दोघंच.

काका म्हणाले, "फ्रिजचं निमित्त आहे. बस."

संत्री सोलत होते. एकेक फोड माझ्यापुढे ठेवत होते. मी खात नव्हतो.

"तेजलचं काय म्हणणं आहे?"

इथे मी गप्प बसू शकलो असतो. तिला शब्द दिला होता. पण काका सरळ विचारत होते आणि मी खोटं कसं बोलू? म्हटलं, "तीच म्हणाली काका. गाव आड येतं म्हणाली."

"तिच्या तोंडून?"

"शपथ."

त्यांनी सोलायचं थांबवलं. मग म्हणाले, "आई असती तर तिला बोलली असती. बापाशी कशी बोलेल पोरगी. आणि मी विचारलं तर लाजेने नाहीच म्हणेल."

मी म्हटलं, बरोबर आहे.

मग त्यांनी जुन्या गोष्टी काढल्या. तेजलची आई गेली तेव्हा ती चौथीत होती. काकांची फिरती पाळी. मुलुंडहून, कुर्ल्याहून गावच्या बायका वार वाटून घेऊन यायच्या, तिची वेणी घालायच्या, डबा करून द्यायच्या, संध्याकाळपर्यंत थांबायच्या. माझी आईसुद्धा मला बोटाला धरून यायची म्हणे. तिची शाळा संपेपर्यंत हे चाललं. काका म्हणाले, मला कुणाला बोलवावं लागलं नाही.

हे मला का सांगत होते कळलं नाही. मला अंधेरीला जायचं होतं, तिची ड्यूटी सुटायच्या आत. पण मग गेलो नाही. लॅबच्या कोपऱ्यावरून परत फिरलो. तिला काय सांगणार होतो, की मी तुझं नाव घेतलं?

नको होतं घ्यायला. लिहून ठेवतो, म्हणजे झालं.

२३ मार्च, रविवार

काही लिहिण्यासारखं नाही. सीझन सुरू झालाय. पप्पा बोलत नाहीत. जेवताना फक्त एकदा म्हणाले, तुला टोपांची अडचण होते ना माळ्यावर, मग तसं सांगायचं होतंस.

६ एप्रिल, रविवार

मंडळ बरखास्त झालं.

मी जिंकलो असं लिहिणार होतो. पेन हातात घेऊन बराच वेळ बसलोय.

तेजल आली नव्हती, रविवारची ड्यूटी. आमची पिढी मोजकी, बाकी सगळे जुने लोक. पप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्या घराचा हात विरोधात. मला वाटलं संपलं. दहिसरवाले तावातावाने बोलले, नीला आत्या बोलली. मग सगळे काकांकडे बघायला लागले, नेहमीसारखे.

काका उभे राहिले. म्हणाले, आपण गाव कशासाठी धरून ठेवलं? पोरांचं बरं व्हावं म्हणून. ते जर पोरांच्या वाटेत येत असेल तर आपण बाजूला व्हायला पाहिजे.

आणि पहिला हात त्यांनी वर केला.

नीला आत्याने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही भावाला ओळखतच नाही. मग एकेक हात वर जायला लागला. लोक खाली बघून हात वर करत होते. पप्पांनी केला नाही.

नंतर टोप आणि सतरंज्या वाटून टाकायचं ठरलं. एक सतरंजी कुणी घ्यायची यावर कुर्ल्याचे दोघे, सख्ख्यासारखे राहिलेले, भांडले. सतरंजीवर नाही भांडले, मला वाटतं. पण सतरंजी धरून भांडले.

रात्री तेजलला फोन केला. तिने उचलला. म्हणाली, बाबा जेवत नाहीयेत. तू काय केलंस?

म्हटलं, दोन दिवसांत ठीक होतील, आता आपल्यात काहीच नाही ना आड?

तिने फोन ठेवला. आवाज येत नसेल, वाकोल्याला रेंजचा लोचा आहे.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. दरवर्षी मिरवणुकीच्या रस्त्यावर आंबेखोलचा सरबताचा स्टॉल असायचा. लहान असताना मी त्या टेबलाखाली झोपायचो. यंदा नाही. पप्पा पांढरा शर्ट घालून घाटकोपरला गेले आणि जिथे स्टॉल असायचा तिथेच उभे राहिले. मी लांबून बघितलं. रिकाम्या जागी उभं असलेल्या माणसाला लोक रस्ता विचारतात. पप्पा सगळ्यांना नीट सांगत होते.

मी जवळ गेलो नाही. काय म्हणणार होतो जाऊन.

२० एप्रिल, रविवार

आज राजाराम काका घरी आले. मागणी घालायला. मुलीचे वडील आपणहून, मिठाईचा बॉक्स घेऊन.

पप्पांना म्हणाले, मधुकर, आता गाव आड नाही. माझ्या पोरीला तुझा पोरगा पसंत आहे. ती तोंडाने बोलली नाही, पण मी ओळखून आहे.

पप्पांनी बॉक्स टीव्हीवर ठेवला. मग म्हणाले, म्हणून तू हात वर केलास? काका म्हणाले, मग काय करायचं होतं. पप्पांनी त्यांचा हात धरला, सोडलाच नाही. आई आत जाऊन रडली. महिन्यानंतर पप्पा पहिल्यांदा माझ्याशी बोलले. चहा ठेव म्हणाले.

पुढच्या रविवारी नीला आत्याला घेऊन बोलणी पक्की करायला येतो म्हणाले काका.

माझा आनंद कशात मावत नाहीये. फक्त एक. काकांचा शर्ट गळ्याशी ढगळ झालाय. मीच मनावर घेतोय, उन्हाळा आहे, सगळेच उतरतात.

२३ एप्रिल, बुधवार

तेजलने बोलावलं. लॅबच्या मागच्या गल्लीत, दुपारच्या सुट्टीत. मी नवीन शर्ट घातला होता. ती ॲप्रनवरच आली. डोळे सुजलेले.

जसं झालं तसं लिहितो, नंतर मी ह्यातलं काही बदलू नये म्हणून.

म्हणाली, "मी तुला गावचं कारण का दिलं माहितीय? तू मला तसा आवडत नाहीस, हे तोंडावर सांगायचं नव्हतं म्हणून. पहिल्या रविवारी पुन्हा तोंड बघायचं होतं ना तुझं, तुझ्या आईचं. वाटलं, गाव म्हटलं की तू समजशील. कुणाला लागणार नाही."

मग तिने ॲप्रनच्या बाहीने नाक पुसलं.

"तू गावच काढून टाकलंस यार."

म्हटलं, मग काकांना सांग ना. नको आहे म्हणून सांग.

"काय सांगू?" ती हसली, पण हसू नव्हतं ते. "रविवारी तुमच्याकडून आले आणि जेवताना म्हणाले, तुझ्या आईला मी कधी काही देऊ शकलो नाही, तुला एवढं तरी दिलं. पहिल्यांदा पोटभर जेवले त्या दिवशी. आता मी म्हणू, बाबा, मला हे नकोच होतं? तुम्ही उगाच मोडलंत? मरतील ते, सम्यक."

मी विचारलं, मग काय करायचं?

"तू नाही म्हण."

"मी?"

"तुझं डोकं फिरतं हे सगळ्यांना माहितीय. कॉलेज सोडलंस तसं मला सोड. कुणाला नवल वाटणार नाही."

मग सुट्टी संपली. जाताना वळून म्हणाली, तू नाही म्हटलं नाहीस तर लग्न होईल. मी करीन. बाबांसाठी करीन. तुला चालत असेल तर बघ.

मिथुन बरोबर होता. त्याला सांगणार नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

दोन दिवस लिहिलं नाही. पवईला एकाचा एसी लावताना ब्रॅकेट उलटं ठोकलं. मिथुनने शिव्या दिल्या, मी ऐकून घेतल्या, तेव्हा तो घाबरला. ताप आहे का म्हणाला.

खरं लिहितो. पहिला विचार आला तो हा, की होऊ दे लग्न. लोकांची होतातच की. एक वर्ष, दोन वर्षं, पोरं होतात, सवय होते. मी कॉलेज पुन्हा धरीन. तिला काही कमी पडू देणार नाही. तिने स्वतः म्हटलंय करीन म्हणून. मी जबरदस्ती कुठे केली?

आज दिवसभर हेच घोकत होतो. मग पवईच्या त्या घरातली म्हातारी इन्सुलिन घेत होती, आणि नर्सने सुई टोचताना तिने तोंड दुसरीकडे फिरवलं, दात आवळून, काही न बोलता. मी ते बघत बसलो. तेजल माझ्या घरात आयुष्यभर असं तोंड फिरवून बसली असती.

खूप राग येतोय. तिचा यावा म्हणून प्रयत्न केला, येत नाही.

२७ एप्रिल, रविवार

काका आणि नीला आत्या आले. आईने शिरा केला होता. आत्या माझ्याशी बोलत नव्हती पण भावासाठी आली होती, चांगली साडी नेसून. पप्पांनी माळ्यावर उरलेली एक सतरंजी काढून अंथरली होती, त्यावर सगळे बसले. काका तिच्यावर हात फिरवून म्हणाले, ही तुमच्याकडे आली होय.

बोलणी सुरू झाली. हॉल कुठला, भंतेजींना कधी विचारायचं, किती माणसं. माणसांवर आल्यावर सगळे थोडे अडखळले. कारण पूर्वी मोजावी लागायची नाहीत. गाव यायचं.

मला वाटलं होतं उभं राहून बोलीन. बसूनच बोललो.

"मला हे लग्न करायचं नाही."

आईला वाटलं मी मस्करी करतोय. तिने शिऱ्याची वाटी माझ्यापुढे सरकवली. मी पुन्हा म्हटलं. पप्पांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही. माझं मन बदललं.

"मन बदललं?" नीला आत्या म्हणाली. "ही काय पँट आहे का रे, दुकानात बदलून आणायला?"

पप्पा उठले. त्यांचा हात वर गेला होता. आयुष्यात त्यांनी मला मारलेलं नाही. काकांनी बसूनच त्यांचा सदरा धरला. "राहू दे मधुकर. पोरगं आहे."

मग माझ्याकडे वळले. मला वाटलं शिव्या देतील. त्या हव्या होत्या मला. ते अगदी हळू आवाजात, जसं काही खरंच त्यांना समजून घ्यायचंय, तसं म्हणाले, "मग गाव कशाला मोडायला लावलंस रे?"

उत्तर होतं माझ्याकडे. एका वाक्याचं होतं. तेजलने गल्लीत सांगितलं होतं तेच. ते बोललो असतो तर ह्या खोलीत मी सोडून सगळेच बघत राहिले असते एकमेकांकडे, आणि काका घरी जाऊन तिच्यासमोर बसले असते.

म्हटलं, "माहीत नाही काका. माझं डोकं फिरतं."

नीला आत्या उठून उभीच राहिली. म्हणाली, पोरगी सुटली म्हणायची. आई भिंतीला टेकून बसली होती. मिठाईचा गेल्या रविवारचा बॉक्स टीव्हीवर तसाच होता, अर्धा खाल्लेला.

काका सावकाश उठले. गुडघ्यावर हात ठेवून, आधी एक पाय. मला त्यांना हात द्यायचा होता. दिला नाही, त्यांनी घेतला नसता. तेजलला काय सांगतील ते मला माहीत नाही. सांगतील, आणि तिला त्यांच्यासमोर रडावं लागेल थोडं, खोटं. तेवढं तिला जमेल.

दाराशी चपला घालताना ते पप्पांकडे वळले आणि इतकी वर्षं निघताना म्हणायचे तसंच म्हणाले, "चल मधुकर. पहिल्या रविवारी भेटू."

म्हणाले आणि थांबले. एक पाय चपलेत, एक बाहेर. त्यांना आठवलं असावं. नीला आत्या जिन्याच्या कठड्याकडे बघायला लागली.

मग पप्पा म्हणाले, "हो. भेटू."

काका जिना उतरून खाली जाईपर्यंत आम्ही कुणी दार लावलं नाही.